भारतीय सैन्यदलांतील प्रेमसंबंध व विवाहविषयक नियम

भारतीय सैन्यदलांतील प्रेमसंबंध व विवाहविषयक नियम म्हणजे भूदल, नौदल व हवाई दल यांतील व्यक्तींचे परस्परांमधील प्रेमसंबंध, विवाह आणि विवाहबाह्य संबंध यांना लागू होणाऱ्या कायदेशीर तरतुदी, प्रशासकीय आदेश व सेवेतील रूढी होत. दोन सैनिकांनी परस्परांवर प्रेम करू नये, असे सांगणारे एकही कलम भारतीय लष्करी कायद्यात नाही. तरीही अशा संबंधांवरून अधिकाऱ्यांना नोकरी, हुद्दा व निवृत्तिवेतन गमवावे लागल्याची उदाहरणे आहेत. 'पदाला न शोभणारे वर्तन' आणि 'सुव्यवस्था व लष्करी शिस्त यांना बाधक कृती' या दोन व्यापक शब्दप्रयोगांखाली ही कारवाई होते. त्यामुळे या विषयाचा अभ्यास करताना नियम कोणता आहे यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत, कोणाविरुद्ध व कोणाच्या निर्णयाने लागू होतो, हे पाहावे लागते.

पार्श्वभूमी

भारतीय लष्करी कायद्याची मांडणी ब्रिटिश परंपरेतून आली आहे. १९११ च्या भारतीय सैन्य कायद्याची जागा स्वातंत्र्यानंतर सेना अधिनियम, १९५० याने घेतली. त्याच वर्षी हवाई दलासाठी स्वतंत्र अधिनियम झाला आणि नौदलासाठी १९५७ मध्ये. ब्रिटिश काळातील पलटणीत तरुण अधिकाऱ्याचे लग्न ही त्याची खासगी बाब मानली जात नसे. कमांडिंग अधिकाऱ्याच्या संमतीवाचून लग्न करणारा सबल्टर्न वरिष्ठांच्या मर्जीतून उतरे. कॅप्टनने लग्न करावे की नाही आणि कर्नलने ते केलेच पाहिजे की काय, यावर मेसमध्ये थट्टेच्या म्हणी रूढ होत्या. मेस हे अधिकाऱ्याचे घर, सहअधिकारी हे त्याचे बंधू आणि त्या बंधूंच्या पत्नी या एका मोठ्या कुटुंबातील स्त्रिया, अशी ही कल्पना होती. तिचा ठसा आजच्या आरोपपत्रांच्या भाषेवरही आढळतो.

हे सर्व नियम घडले तेव्हा सैनिक म्हणजे पुरुष हेच गृहीत होते. सेना अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे, केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे परवानगी दिलेल्या शाखा वगळता स्त्रियांना सैन्यात प्रवेश नाही. अपवाद होता तो प्रामुख्याने परिचर्या सेवेचा. ब्रिटिश परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ मध्ये मुंबईत उतरली आणि १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली. वैद्यकीय क्षेत्राबाहेरील शाखांत स्त्री-अधिकाऱ्यांची भरती १९९२ पासून सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया प्रकरणात भूदलातील आणि पुढच्याच महिन्यात ॲनी नागराजा प्रकरणात नौदलातील स्त्री-अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. अधिकारी नसलेल्या जवान-श्रेणीत मात्र भूदलात स्त्रिया आल्या त्या लष्करी पोलीस दलामार्फत. त्यांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूर येथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. 'अग्निपथ' योजनेखाली नौदलाच्या स्त्री-अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातील आयएनएस चिल्का येथून बाहेर पडली, तर हवाई दलाची त्याच वर्षी बेळगाव येथून.

हा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. भूदलात २०१९ पूर्वी गणवेशातील जवळपास प्रत्येक स्त्री अधिकारी होती. त्यामुळे 'सैनिकांमधील प्रेमसंबंध' हा प्रश्न मुख्यतः अधिकारी-अधिकारी यांच्यापुरता किंवा अधिकारी आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची पत्नी यांच्यापुरता मर्यादित राहिला. निरनिराळ्या हुद्द्यांवरील स्त्री-पुरुष एकाच युनिटात काम करू लागल्यावर त्याचे स्वरूप पालटले. कायद्याचे शब्द मात्र १९५० चेच आहेत.

कायद्यातील तरतुदी

सेना अधिनियमाचे कलम ४५ हे या विषयातील प्रमुख कलम होय. अधिकारी, ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर किंवा वॉरंट ऑफिसर यांनी आपल्या पदाला व अपेक्षित चारित्र्याला न शोभणारे वर्तन केल्यास त्यांच्यावर या कलमाखाली लष्करी न्यायालयात खटला चालतो. दोषी अधिकाऱ्यास 'कॅशिअरिंग' म्हणजे अप्रतिष्ठेसह बडतर्फी किंवा त्याहून सौम्य शिक्षा होऊ शकते. अधिनियमातील शिक्षांच्या उतरत्या क्रमात कारावास हा कॅशिअरिंगच्या वर येतो. म्हणून केवळ कलम ४५ खाली तुरुंगवास देता येत नाही. हे कलम साध्या जवानाला लागू होत नाही, कारण 'शोभणे' ही अपेक्षा अधिकारपदाशी जोडलेली आहे.

न शोभणारे वर्तन म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमात दिलेली नाही. ती मुद्दाम दिलेली नाही, असे लष्करी कायद्याचे समर्थक सांगतात. अधिकाऱ्याकडून काय अपेक्षित आहे हे त्याचे समव्यावसायिक जाणतात आणि न्यायालयात न्यायाधीश म्हणून तेच बसतात. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी असावे लागतात. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. जे वर्तन एका युनिटात डोळ्यांआड केले जाते, त्यावरच दुसऱ्या युनिटात आरोपपत्र दाखल होऊ शकते आणि आपण नेमकी कोणती रेषा ओलांडली हे आरोपीला आधी कळण्याचा मार्ग नसतो.

कलम ६३ याहूनही व्यापक आहे. अधिनियमात अन्यत्र उल्लेख नसलेली, पण सुव्यवस्था व लष्करी शिस्त यांना बाधक ठरणारी कोणतीही कृती वा कर्तव्यातील कसूर त्यात येते. ते सर्व हुद्द्यांना लागू असून कमाल शिक्षा सात वर्षांच्या कारावासाची आहे. कलम ४६ मधील 'क्रूर, अशिष्ट किंवा अनैसर्गिक स्वरूपाचे लांच्छनास्पद वर्तन' या शब्दांखालीही सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हवाई दल अधिनियमात यांना समांतर कलमे अनुक्रमे ४५, ६५ व ४६ ही आहेत. नौदल अधिनियमात अधिकाऱ्याच्या न शोभणाऱ्या वर्तनाचा समावेश कलम ५४ मध्ये केला आहे.

कलम ६९ मुळे देशाच्या सामान्य फौजदारी कायद्यातील गुन्ह्यांसाठीही सैनिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवता येतो. त्याला कलम ७० ने मर्यादा घातली आहे. लष्करी कायद्याच्या कक्षेत नसलेल्या व्यक्तीवर बलात्कार केल्याचा आरोप असल्यास, प्रत्यक्ष रणसेवा, परदेशातील सेवा किंवा सीमेवरील ठाणे असे अपवाद सोडता, खटला नागरी न्यायालयातच चालतो. पीडित व्यक्ती स्वतः सैन्यातील असेल, तर मात्र लष्करी न्यायालयाला तो अधिकार राहतो.

हुद्दा, अधिकार आणि संमती

समान हुद्द्याच्या, एकमेकांच्या आज्ञासाखळीत नसलेल्या दोन अविवाहित अधिकाऱ्यांनी प्रेम करणे व लग्न करणे याला कोणतीही बंदी नाही. असे विवाह तिन्ही दलांत नित्य होतात. लग्नानंतर त्याची नोंद युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर' मध्ये केली जाते. कुटुंब निवृत्तिवेतन, वैद्यकीय सुविधा व निवासस्थान यांचे हक्क या नोंदीवर अवलंबून असतात. पती-पत्नी दोघेही सेवेत असल्यास एकाच ठाण्यावर नेमणूक मिळावी म्हणून विनंती करता येते, परंतु सेवेच्या गरजेपुढे तिला हक्काचे स्वरूप येत नाही. लग्नानंतरची कित्येक वर्षे एकाने ईशान्येत आणि दुसऱ्याने राजस्थानात काढावीत, हे अशा दांपत्यांच्या वाट्याला येणारे सर्वसाधारण चित्र आहे.

प्रश्न उभा राहतो तो अधिकाराच्या पायऱ्यांवर. अधिकारी आणि जवान यांच्यातील अंतर भारतीय सैन्यात काटेकोर पाळले जाते. मेस वेगळे, निवास वेगळा, संबोधने वेगळी. त्यामागे केवळ वसाहतकालीन मानमरातब आहे असे नव्हे. ज्याला उद्या गोळीबारासमोर पाठवायचे, रजा द्यायची किंवा नाकारायची, ज्याचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहायचा, त्याच्याशी प्रेमसंबंध असलेला वरिष्ठ निःपक्षपाती राहील यावर तुकडीतील इतरांचा विश्वास बसत नाही. पक्षपात प्रत्यक्ष झाला नाही तरी त्याचा संशय पुरेसा घातक ठरतो. म्हणून एकाच आज्ञासाखळीतील वरिष्ठ-कनिष्ठ संबंध, दोघेही अविवाहित व राजी असले तरी, कलम ४५ किंवा ६३ च्या कक्षेत येऊ शकतात. अशा वेळी कमांडिंग अधिकाऱ्याने समज देणे किंवा दोघांपैकी एकाची बदली करणे हे उपाय खटल्याच्या आधी उपलब्ध असतात.

कनिष्ठाची संमती खरोखर मोकळी होती का, हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. हुद्द्याने वा पदाने कनिष्ठ असलेल्या व्यक्तीवर बळजबरी करणे किंवा तिला छळणे हा कलम ४७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा सैन्यदलांनाही लागू असून त्यानुसार अंतर्गत समित्या नेमाव्या लागतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ६८ अधिकारपदाचा गैरवापर करून प्रस्थापित केलेल्या शरीरसंबंधास शिक्षा सांगते. अर्थात प्रेमसंबंध आणि छळ यांची गल्लत करणे दोन्ही बाजूंनी घातक आहे. छळाच्या तक्रारीला 'आपसांतले प्रकरण' म्हणून झटकून टाकता येते आणि दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधाला, तो उघडकीस आल्यावर, छळाचे रूप देता येते.

'बंधुअधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम हिरावणे'

विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणांत भारतीय सैन्यात रूढ असलेला आरोप 'बंधुअधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम हिरावून घेणे' या शब्दांत मांडला जातो. हे शब्द अधिनियमात कोठेही नाहीत. ते परंपरेने आले असून कलम ४५ खालील आरोपपत्रात तपशील म्हणून लिहिले जातात. त्यासाठी शरीरसंबंध सिद्ध करावाच लागतो असे नाही. रात्री-अपरात्री झालेले दूरध्वनी, संदेश, पत्रे, एकत्र केलेला प्रवास असा पुरावा मांडला जातो.

त्यामागील व्यावहारिक कारण समजण्याजोगे आहे. सीमेवरील किंवा बंडखोरीग्रस्त भागातील नेमणुकीवर कुटुंब नेता येत नाही. पत्नी व मुले मागे छावणीत किंवा अन्य ठाण्यावर राहतात आणि त्यांची देखभाल मागे असलेले सहकारी करतात. सियाचीनच्या चौकीवर असलेल्या अधिकाऱ्याला मागच्या घराविषयी निश्चिंत राहता आले नाही, तर त्याचे चित्त कर्तव्यात राहत नाही आणि ज्याच्याबरोबर दोराने बांधून बर्फ ओलांडायचा त्या सहकाऱ्यावरचा विश्वास उडतो.

शब्दयोजना मात्र जुन्या काळातील आहे. पत्नीचे प्रेम ही पतीच्या मालकीची, चोरीला जाऊ शकणारी वस्तू आहे आणि त्या स्त्रीला स्वतःची इच्छा नाही, असा तिचा अर्थ होतो. स्त्री-अधिकारी सेवेत आल्यानंतर ती अपुरीही ठरली आहे. सैन्यातील स्त्रीच्या पतीशी दुसऱ्या स्त्री-अधिकाऱ्याचा संबंध आल्यास काय म्हणावे, याची सोय या वाक्प्रयोगात नाही. अशा प्रकरणांत थेट 'न शोभणारे वर्तन' असा आरोप ठेवावा लागतो.

कलम ४९७ आणि सैन्यदले

भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम ४९७ प्रमाणे विवाहित स्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष व्यभिचाराचा गुन्हेगार ठरे व त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शके. स्त्रीला प्रोत्साहक म्हणूनही शिक्षा नव्हती आणि पतीची संमती असल्यास गुन्हाच घडत नसे. या कलमाच्या वैधतेचा वाद प्रथम सर्वोच्च न्यायालयात गेला तो मुंबईतूनच. युसुफ अब्दुल अझीझ विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या निकालात न्यायालयाने कलम वैध ठरवले. १९८५ मध्ये सौमित्री विष्णू प्रकरणात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने तोच कौल दिला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाईन प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्या पीठावर यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड हेही होते. पित्याने राखलेले कलम पुत्राने रद्द ठरवावे, हा योग न्यायालयाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

कलम ४९७ रद्द झाल्याने व्यभिचार गुन्हा उरला नाही. घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा म्हणून घेतलेला नाही. पण सैन्यदलांपुढे अडचण उभी राहिली. जे कृत्य सामान्य नागरिकासाठी गुन्हा नाही, त्याबद्दल सैनिकास शिक्षा कशी द्यावी? जोसेफ शाईन निकालाचा आधार घेऊन सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने काही शिस्तभंगाच्या कारवाया रद्द केल्या. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन भूदलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत, सैन्य या बाबतीत जुन्या वळणाचे असून असे वर्तन चालू दिले जाणार नाही, अशी भूमिका मांडली.

केंद्र सरकारने पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे स्पष्टीकरणासाठी अर्ज केला. सरकारच्या युक्तिवादाचा गाभा कुटुंबापासून दूर राहणाऱ्या जवानाची मनःस्थिती हाच होता. सैन्यातील कारवाई कलम ४९७ सारखी केवळ पुरुषापुरती नसून स्त्री-अधिकाऱ्यावरही होऊ शकते, हेही सरकारने निदर्शनास आणले. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की, २०१८ चा निकाल सैन्यदलांच्या अधिनियमांतील तरतुदींशी संबंधित नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद ३३ प्रमाणे सैन्यातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते, याचीही नोंद पीठाने घेतली.

या आदेशाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. 'सैन्यात व्यभिचार आजही गुन्हा आहे' हे विधान नेमके नाही. न्यायालयाने सैन्यासाठी व्यभिचाराचा नवा गुन्हा निर्माण केला नाही किंवा प्रत्येक विवाहबाह्य संबंध शिक्षापात्र ठरवला नाही. पदाला न शोभणारे किंवा शिस्तीला बाधक वर्तन म्हणून कारवाई करण्याचा मार्ग २०१८ च्या निकालाने बंद झालेला नाही, एवढेच त्याने सांगितले. वर्तन खरोखर तसे होते का, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यानेच सिद्ध करावे लागते.

लग्न केले म्हणून सेवामुक्ती

प्रेमसंबंधाविषयीचा सर्वांत कठोर नियम लष्करी परिचर्या सेवेत होता आणि तो विवाहबाह्य संबंधाविषयी नव्हे, तर विवाहाविषयीच होता. १९७७ च्या भूदल सूचना क्रमांक ६१ मध्ये कायम कमिशन असलेल्या परिचारिका-अधिकाऱ्याची सेवा समाप्त करण्याची कारणे दिली होती. वैद्यकीय अपात्रता, विवाह, गैरवर्तन अशी ती यादी होती. विवाह आणि गैरवर्तन शेजारी शेजारी बसलेले होते.

सिकंदराबाद येथील लष्करी रुग्णालयात लेफ्टनंट असलेल्या एका परिचारिका-अधिकाऱ्याने १९८८ मध्ये भूदलातीलच एका मेजरशी विवाह केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला सेवेतून मुक्त करण्यात आले. मेजरच्या सेवेवर या विवाहाचा परिणाम होण्याचे कारण नव्हते, कारण हा नियम केवळ परिचर्या सेवेतील स्त्रियांनाच लागू होता. मूळ सूचना १९९५ मध्ये मागे घेण्यात आली, पण या अधिकाऱ्याचा लढा चालूच राहिला. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या लखनौ पीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी हा नियम उघडपणे मनमानी व लिंगभेद करणारा असल्याचे सांगून सेवामुक्ती बेकायदेशीर ठरवली आणि पुनर्नियुक्ती व थकीत वेतन यांऐवजी ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. विवाहाला तोवर छत्तीस वर्षे होत आली होती. नोकरीचे वय उलटून गेले होते.

विवाहावरील आजची बंधने

प्रशिक्षणकाळात विवाहबंदी आजही आहे. पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश घेणारा उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत विवाह न करण्याची हमी द्यावी लागते. प्रशिक्षणादरम्यान विवाह केल्यास त्यास काढून टाकले जाते व त्याच्यावर झालेला सरकारी खर्च त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. ही अट मुलींनाही तशीच आहे. प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. हवाई दल व नौदलाच्या भरती-अधिसूचनांप्रमाणे अग्निवीरांनाही चार वर्षांच्या सेवाकाळात विवाह करता येत नाही. पहिला जोडीदार हयात असताना व विवाह कायम असताना दुसरा विवाह करणे हे सेवेतून काढण्यास पुरेसे कारण मानले जाते. ज्यांच्या वैयक्तिक कायद्याने तो निषिद्ध आहे, त्यांच्या बाबतीत न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हाही आहे.

समलैंगिक संबंध

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलैंगिक संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. सेना अधिनियमाच्या कलम ४६ मधील 'अनैसर्गिक' हा शब्द मात्र तसाच राहिला. जनरल रावत यांचे २०१९ चे विधान याही विषयाला उद्देशून होते. लष्करातील समलैंगिक अधिकाऱ्याच्या व्यक्तिरेखेचा समावेश असलेल्या एका नियोजित हिंदी चित्रपटाला २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ना-हरकत प्रमाणपत्र नाकारले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रियो प्रकरणात समलैंगिक विवाहाचा मूलभूत हक्क मान्य झाला नाही. परिणामी अशा जोडप्याला विवाहित म्हणून नोंद, निवासस्थान किंवा कुटुंब निवृत्तिवेतन यांपैकी काहीही मिळत नाही.

कारवाईची पद्धत

तक्रार आल्यावर प्रथम 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' नेमली जाते. नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नसून वस्तुस्थिती शोधणारी समिती असते. सेना नियम, १९५४ मधील नियम १८० प्रमाणे, ज्याच्या चारित्र्यावर वा प्रतिष्ठेवर परिणाम होऊ शकतो त्या व्यक्तीला चौकशीभर हजर राहण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची व स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी द्यावीच लागते. विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणांत ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते, कारण या आरोपाने खटल्याच्या निकालापूर्वीच माणसाची अब्रू जाते. त्यानंतर आरोपांची सुनावणी, पुराव्याचा गोषवारा आणि आवश्यक वाटल्यास लष्करी न्यायालय असा क्रम असतो. कलम १२२ प्रमाणे खटला सामान्यतः तीन वर्षांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि दिलेला निकाल सक्षम अधिकाऱ्याने कायम केल्यावाचून वैध ठरत नाही.

प्रत्येक प्रकरण न्यायालयापर्यंत जात नाही. वरिष्ठांची 'तीव्र नाराजी' सेवापत्रकात नोंदवली जाते आणि पुढील बढतीची वाट तेथेच अडते. खटला चालवणे इष्ट किंवा शक्य नाही असे वाटल्यास नियम १४ खाली कारणे दाखवा नोटीस देऊन अधिकाऱ्याची सेवा प्रशासकीय मार्गाने संपवता येते. या मार्गात साक्षीदारांची उघड तपासणी नसते, त्यामुळे टीकाही याच मार्गावर अधिक होते. व्यथित व्यक्तीला २००७ च्या अधिनियमाने निर्माण झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक प्रादेशिक पीठ मुंबईत आहे.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेत हा विषय बऱ्याच तपशिलाने लिहून ठेवलेला आहे. अधिकाऱ्याने जवान-श्रेणीतील व्यक्तीशी बरोबरीच्या नात्याने सलगी ठेवणे, ज्याला तेथे 'फ्रॅटर्नायझेशन' म्हणतात, हा लष्करी न्याय संहितेच्या कलम १३४ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याचे घटक क्रमवार दिलेले आहेत. व्यभिचाराऐवजी २०१९ पासून 'विवाहबाह्य लैंगिक वर्तन' असा गुन्हा असून कायदेशीररीत्या विभक्त झालेल्या व्यक्तीला बचाव उपलब्ध आहे. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी यांच्यातील संबंधांसाठी वेगळे कलम आहे आणि तेथे संमती हा बचाव होत नाही. बी-५२ बॉम्बफेकी विमानाची पहिली स्त्री-वैमानिक केली फ्लिन हिला १९९७ मध्ये अशाच संबंधावरून, खोटे निवेदन व आज्ञाभंग यांच्या आरोपांसह, हवाई दल सोडावे लागले.

ब्रिटनने उलट दिशा धरली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९९९ च्या निकालानंतर जानेवारी २००० मध्ये समलैंगिकांवरील बंदी उठवताना तेथे सर्वांसाठी एकच सामाजिक वर्तनसंहिता आणली गेली. संबंध कोणाचा कोणाशी आहे हे न विचारता, त्यामुळे दलाच्या कार्यक्षमतेला बाधा आली किंवा येण्याचा संभव आहे का, एवढाच प्रश्न कमांडिंग अधिकाऱ्याने विचारायचा असतो. भारतीय कलम ६३ चा आशय या कसोटीच्या जवळचा आहे, परंतु भारतात ती कसोटी लिखित मार्गदर्शक प्रश्नाच्या रूपात अधिनियमात आलेली नाही आणि 'शोभणे' हा दुसरा, नैतिक स्वरूपाचा निकष तिच्या बरोबरीने चालू आहे.